जुनी रसद आणि जिभेची कसोटी

जालना शहरात मस्तगड नावाचा एक जुना कोट आहे. आसफजाहाच्या हुकुमावरून काबिलखानाने तो इ. स. १७२५ मध्ये बांधिला, असे तेथील फारसी शिलालेखावरून समजते. आत एक प्रशस्त विहीर असून तिच्या पोटात दालने व सज्जे काढिलेले आहेत. असा कोट पाहावयास जाणारा मनुष्य बुरूज पाहतो, दरवाजा पाहतो, विहिरीत डोकावतो. परंतु या भिंतींच्या आश्रयाने राहणारे शिपाई खात काय होते, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाही. यात नवल नाही. दगड उरतो, दाणा उरत नाही. आणि क्वचित उरलाच, तर तो खाण्याजोगा उरला आहे की काय, हे ठरविणे मोठ्या जोखमीचे काम असते. या जोखमीचाच येथे विचार करावयाचा आहे.

रसदीचे महत्त्व जालन्याच्या मुलखास नव्याने सांगावयास नको. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सन याने जालन्याचा किल्ला घेतला, आणि तीनच आठवड्यांनी, २३ सप्टेंबर रोजी, याच जिल्ह्यातील असई गावाजवळ जनरल वेलस्लीची शिंदे व भोसले यांच्या फौजेशी गाठ पडली. त्या मोहिमेतील वेलस्लीचा पत्रव्यवहार चाळून पाहिला, तर त्यात तोफांच्या बरोबरीने बैल, धान्य आणि तांड्यांचे लमाण यांचीच चिंता वाहिलेली दिसते. लष्कराचे पोट लमाणांच्या गोण्यांवर चालत असे. वाटेत पावसाने गोणी भिजली, की चार दिवसांत दाण्यास बुरा धरावयाचा. आणि तरीही भुकेला शिपाई तो दाणा टाकून देईलच असा नियम नव्हता.

जुन्या काळी धान्य टिकविण्याच्या ज्या युक्त्या आपल्याकडे होत्या, त्यांत पेव ही खरोखर विलक्षण होय. जमिनीत खोल खड्डा घ्यावयाचा, आतून गवतकाडी व कडबा लावावयाचा, धान्य भरून तोंड मातीने लिंपून टाकावयाचे, की झाले. सांगलीजवळ हरिपूर येथे याच रीतीने हळद साठविण्याची पेवे पुष्कळ प्रसिद्ध होती. २००५ सालच्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली. पेवाचे मर्म असे आहे की दाणा हा सजीव आहे. तो श्वासोच्छ्‌वास करितो, त्यातले किडेही करितात. आणि बंद पेवातील प्राणवायू हळूहळू संपून तेथे कर्बवायू भरून राहतो. मग सोंडे व टोके गुदमरून मरतात आणि धान्य सुखरूप राहते. याच कारणास्तव नुकत्याच उघडलेल्या पेवात अविचाराने उतरणारा मनुष्यही गुदमरून मरतो. जाणते लोक पेव उघडल्यावर काही काळ वाट पाहात, आणि दिवा खाली सोडून तो विझतो की काय ते पाहून मगच उतरत. म्हणजे धान्य चाखण्याआधी त्याच्या भोवतीची हवा तपासण्याचा शहाणपणा आपल्या पूर्वजांना ठाऊक होता.

पन्हाळ्यावरील अंबरखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या तीन कोठारांची ख्याती सर्वांस आहे. त्यांतील एकट्या गंगा कोठीत सुमारे २५,००० खंडी धान्य राहत असे, असे सांगतात. एवढा साठा एका वर्षात खाऊन संपत नाही. तेव्हा शिबंदीच्या ताटात येणारा दाणा पुष्कळदा जुनाच असणार, हे उघड आहे. नवे धान्य कोठारात आणि जुने धान्य पगारात, हा कोठवळ्याचा सनातन न्याय होय. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी जमविलेला दाणागोटा व वैरण बेताने खर्च करावी, आरंभीच उधळपट्टी केल्यास पुढे घोडी उपाशी मरतील आणि शिपाई रयतेस उपद्रव देतील, असा त्याचा आशय आहे. लढाई जिंकणाऱ्याने कोठाराकडे किती बारकाईने पाहावे लागते, याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

आता अलीकडील एका अजब छंदाकडे वळू. गेल्या काही वर्षांत पाश्चात्त्य देशांत अशी हौशी माणसे निघाली आहेत, की जी पन्नास, ऐंशी, क्वचित शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीची लष्करी शिधापाकिटे मिळवितात, ती लोकांदेखत उघडतात आणि त्यांतील पदार्थ चाखून त्यांची चव सांगतात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळचे, १८६३ सालचे, कडक बिस्किट असे चाखले गेले आहे. आणि बोअर युद्धात ब्रिटिश शिपायास आणीबाणीसाठी दिलेला तो दुहेरी डबाही, ज्याच्या एका कप्प्यात वाळविलेल्या मांसाचा लगदा व दुसऱ्यात कोकोचा लगदा असे, एका शतकानंतर चाखला गेला आहे. पाहणारास प्रथम किळस येते, मग कुतूहल वाटते, आणि शेवटी असाही प्रश्न पडतो की हे खाऊन ही माणसे जगतात तरी कशी?

याचे उत्तर आपल्याच फडताळात सापडते. दिवाळीची चकली शिमग्यापर्यंत राहिली, तर तिला खवट वास येतो; उलट मीठ, साखर वा मध वर्षानुवर्षे बिघडत नाहीत. लोणचे मुरते, पण त्याच बरणीशेजारचे ओले खोबरे एका रात्रीत आंबते. म्हणजे काळ हा सर्व पदार्थांस सारख्याच रीतीने खात नाही. जंतूंना वाढण्यास पाणी लागते. ज्या पदार्थात मोकळे पाणी नाही, किंवा जे आहे ते मिठाने अगर साखरेने बांधून टाकिले आहे, त्यात जंतूंचा शिरकाव होत नाही. कडक बिस्किटात पीठ, पाणी आणि थोडे मीठ याखेरीज काही नसते, आणि तेही भट्टीत सुकवून दगडासारखे केलेले असते. त्यात स्निग्धांश जवळजवळ नसल्यामुळे ते खवटतही नाही. फार झाले तर ज्या पेटीत ते पडले असेल तिचा वास त्याने शोषलेला असतो. आपल्या शंकरपाळ्याची गोष्ट याच्या उलट: मोहन भरपूर, म्हणून खुसखुशीत, आणि मोहन भरपूर, म्हणूनच लवकर खवटणारा.

खवटपणा म्हणजे तुपातेलाचा प्राणवायूशी झालेला संयोग. तो तोंडास वाईट लागतो, पोटास बाधतो, पण घासभर खाल्ल्याने मनुष्य सहसा मरत नाही. दुसरा फेरफार रंगाचा. दुधाची भुकटी, मांसाचा रस्सा, गोड वड्या यांतील साखर व नत्रयुक्त पदार्थ यांचा हळूहळू संयोग होऊन पदार्थ तपकिरी पडतो आणि त्यास करपट, कडवट चव येते. चॉकलेटवर पांढरा थर दिसला, की लोक बुरशी म्हणून ते टाकून देतात. वास्तविक ते कोकोचेच लोणी वर आलेले असते आणि सर्वस्वी निरुपद्रवी असते. तिसरा फेरफार मात्र डोळ्यांस दिसत नाही आणि जिभेसही कळत नाही. जीवनसत्त्वे, विशेषतः ‘क’ जीवनसत्त्व, नाहीसे होते. पोट भरते आणि शरीर उपाशी राहते.

अमेरिकेत मिसूरी नदीत १८६५ साली ‘बर्ट्रँड’ नावाची आगबोट बुडाली. १९६८ साली ती गाळातून उकरून काढण्यात आली, तेव्हा तिच्यातील मालात फळांचे व भाज्यांचे डबे निघाले. १९७४ साली ते रसायनशाळेत तपासले असता आत जंतूंची वाढ झालेली आढळली नाही. पदार्थांचे रूप व वास बिघडले होते, ‘क’ व ‘अ’ जीवनसत्त्वे बहुतांशी गेली होती, परंतु प्रथिने बरीचशी शाबूत होती. एक शतकाहून अधिक काळ गेल्यावर ही स्थिती! पण यावरून जुना डबा उघडून खावा असा निष्कर्ष काढणे म्हणजे विहिरीत पडून वाचलेल्या माणसाचे उदाहरण घेऊन सर्वांनी विहिरीत उड्या टाकण्यासारखे होईल. ती बोट गार गाळात, उजेडाशिवाय पडून होती, हे विसरता कामा नये.

टिकाऊपणाचा खरा धनी काळ नव्हे, तर ऊन होय. सध्याच्या अमेरिकन लष्करी भोजनपाकिटांविषयीची अट अशी आहे, की ती ८० अंश फॅरनहाइट उष्णतेत तीन वर्षे व १०० अंशांत सहा महिने टिकली पाहिजेत. ८० अंश म्हणजे सुमारे २७ सेल्सिअस. १०० अंश म्हणजे सुमारे ३८. केवळ अकरा अंशांच्या फरकाने तीन वर्षांची सहा महिने होतात. जालन्यास वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या छपराखालील कोठारात त्याहूनही वर चढतो. तेव्हा पाकिटावर छापलेली तारीख ही एका विशिष्ट थंडाव्याची तारीख आहे. तेच पाकीट लेहला एक वय दाखवील आणि मराठवाड्यातील पत्र्याच्या खोलीत दुसरेच. अमेरिकन पाकिटांच्या खोक्यावर याचसाठी एक लहानशी चिठ्ठी डकविलेली असते. सोसलेल्या उष्णतेप्रमाणे तिच्यावरील ठिपका काळवंडत जातो. तारखेपेक्षा तो ठिपका अधिक खरे बोलतो.

आता मुख्य धोका. हवाबंद डब्याची विद्या मुळात लष्करासाठीच जन्मास आली. फ्रान्समधील निकोला अपेर याने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधली, आणि १८१० साली फ्रेंच सरकारने त्यास १२,००० फ्रँकांचे बक्षीस दिले. इंग्लंडात १८१३ च्या सुमारास डाँकिन याने बाटलीऐवजी कथिलाचा मुलामा दिलेला लोखंडी डबा वापरात आणिला. डबा उघडण्याचे हत्यार मात्र पुढे पुष्कळ वर्षांनी निघाले. तोवर शिपायास छिन्नी आणि हातोडाच जवळ करावा लागे. अन्न का टिकते हे अपेरला माहीत नव्हते. ते पाश्चरच्या प्रयोगांनंतर उलगडले. पण एक जंतू असा आहे की तो उकळत्या पाण्यासही दाद देत नाही. बॉट्युलिनम नावाच्या या जंतूची बीजे मातीत सर्वत्र असतात. त्यांस मारण्यास दाबाखालील वाफेची १२१ अंश सेल्सिअस उष्णता काही मिनिटे द्यावी लागते. ती कमी पडली, तर नेमकी हवा नसलेली जागाच या जंतूस मानवते आणि बंद डब्यात तो विष तयार करितो. हे विष मनुष्यास ज्ञात असलेल्या विषांत अत्यंत जहाल आहे. त्याने प्रथम दृष्टी दुहेरी होते, जीभ जड होते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास चालविणारे स्नायू लुळे पडतात. या विषास वास नसतो, चवही नसते. डबा नेहमी फुगतोच असेही नाही.

येथेच जिभेची कसोटी लंगडी पडते. जीभ खवट सांगते, आंबट सांगते, कडू सांगते. ज्याने जीव जावयाचा ते सांगत नाही. म्हणून जाणता तपासनीस प्रथम डबा पाहतो, शिवण तपासतो, गंज व फुगवटा पाहतो, मग आतील माल प्रयोगशाळेत देतो, आणि जीभ सर्वांत शेवटी लावितो. १८२४ साली पॅरीच्या ध्रुवप्रदेशातील सफरीबरोबर गेलेला भाजलेल्या वासराच्या मांसाचा एक डबा परत आला होता. सुमारे ११४ वर्षांनी ड्रमंड या इंग्रज आहारशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी तो उघडला. त्यांनी ते मांस उंदरांना व एका मांजरास खाऊ घातले. त्यांस काही अपाय झाला नाही. मांजराचे मत कोणी विचारले नाही, ही गोष्ट वेगळी.

हौसेने चाखणाऱ्याजवळ घड्याळ असते, पाणी असते, जवळ इस्पितळ असते, आणि नको वाटल्यास थुंकून टाकण्याची मोकळीक असते. ज्याच्यासाठी ते अन्न भरलेले होते त्या शिपायाजवळ यांतले काहीच नसते. याचे उदाहरण पाहावयाचे तर पहिल्या महायुद्धातील कुत-अल-अमारा येथे जावे लागेल. टायग्रिस नदीच्या काठच्या या गावात डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जनरल टाऊनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. या डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी व ११७ वी या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूंच्या असंख्य घरांतील मुलगे तेथे होते.

कुतच्या वेढ्याने आहारशास्त्रास एक धडा दिला, तो असा. गोऱ्या सोजिरांस पांढऱ्या मैद्याची रोटी मिळत असे. त्यांच्यात बेरीबेरीचा रोग पसरला. हिंदी शिपायांस कोंड्यासकट आटा मिळत असे. त्यांस बेरीबेरी झाली नाही. पुढे मैदा संपून गोऱ्यांसही आटा व बार्लीचे पीठ मिळू लागले, तेव्हा त्यांचा रोग हटला. मात्र हिंदी शिपायांत रक्तपितीने थैमान घातले, कारण ताजी भाजी नाही आणि ताजे मांस नाही. घोड्याचे मांस होते. पण ते खाण्यास बहुतेकांची मने धजेनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या अनुज्ञा तारेने मागविण्यात आल्या, तरीही एप्रिलपर्यंत पुष्कळांनी ते नाकारिले. घरी भाकरी-चटणीवर वाढलेल्या माणसास ते मांस समोर ठेवून जगण्याची आज्ञा करणे किती कठीण असेल, याची कल्पना कागदावरील औंसांच्या हिशेबाने येत नाही. जानेवारीत गावातील घरांची झडती घेता बार्लीचा मोठा साठा सापडला; मग ती दळावयाची कशी, हा प्रश्न आला आणि जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले. अखेरच्या दिवसांत हातचा राखून ठेवलेला आणीबाणीचा शिधाही वाटून खाऊन संपला.

आणि मग शरणागतीनंतर, नदीच्या वरच्या बाजूस शमरान येथील छावणीत, तुर्कांनी कैद्यांस आपल्या लष्करातील बिस्किटे दिली. ती भुसकटमिश्रित पिठाची, दगडासारखी कठीण आणि पुष्कळशी बुरसलेली होती. पाच महिन्यांचे उपाशी लोक ती नदीच्या पाण्यात भिजवून अधाशासारखी खाऊ लागले. थोड्याच दिवसांत हगवण व वांती यांनी माणसे पटापट मरू लागली. दोष केवळ बिस्किटांचा होता असे म्हणता येणार नाही. नदीचे घाण पाणी आणि उपासाने लुळे पडलेले आतडे ही दोन्ही त्यात सामील होती. पण हे निश्चित, की जुन्या शिध्याची खरी चव या माणसांनी घेतली. त्यांना कोणी कशी लागली म्हणून विचारले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे विचारण्याची शास्त्रीय रीत बसविण्यात आली. अमेरिकेच्या लष्करी अन्नसंशोधकांनी शिकागो येथे नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी तयार केली: अत्यंत नावडते येथपासून अत्यंत आवडते येथपर्यंत. शिपायाने पदार्थ खावा आणि एका पायरीवर खूण करावी. आज जगभर बिस्किटे, चहा, सरबते यांची परीक्षा याच पट्टीने होते. तिचा उगम लष्करी भटारखान्यात आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. आपल्याकडे म्हैसूर येथे १९६१ साली संरक्षण खात्याची अन्नसंशोधनशाळा स्थापन झाली. महिनोन् महिने टिकणारी चपाती, नुसते गरम पाणी घालून होणारा उपमा व शिरा, लवचीक पिशवीत दाबाच्या वाफेने शिजवून बंद केलेले भातभाजीचे पदार्थ ही तेथील कामगिरी होय. तेथेही नवा पदार्थ उष्ण व थंड खोल्यांत महिनोन् महिने ठेवितात, ठरावीक दिवशी थोडा काढितात, रसायनांनी तपासतात आणि मगच चाखणाऱ्यांच्या पुढे ठेवितात. रुची शून्यावर येण्याच्या पुष्कळ आधी मुदत संपविणे, हे त्यातले तत्त्व.

मुदत ठरविणे एक, आणि पाळणे दुसरे. २०१० साली संसदेपुढे आलेल्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात लष्कराच्या शिधापुरवठ्याची झडती घेतलेली आहे. आटा, तांदूळ, डाळ, साखर, चहा, तेल असे कोरडे जिन्नस नेमल्या मुदतीनंतरही, काही ठिकाणी दोन वर्षांहून अधिक काळाने, जवानांच्या पोटात गेल्याचे त्यात नमूद आहे. याची एक बाजू समजून घेतली पाहिजे. लष्कराच्या अन्नप्रयोगशाळा जुन्या मालाचा नमुना तपासून, तो चांगला ठरल्यास, मुदत वाढवून देतात. आणि वर सांगितल्याप्रमाणे साखरेसारख्या जिनसेस वर्ष दोन वर्षांनी काही होत नाही. परंतु आट्याची व तेलाची गोष्ट साखरेची नव्हे. शिवाय गोदामातील एका पोत्याचा नमुना सगळ्या गोदामाच्या वतीने बोलत नसतो. भिंतीलगतचे पोते एक, छपराखालचे दुसरे. मुदतवाढ हा अपवाद असावयास हवा. तो पुरवठ्याच्या ढिलाईवरचे पांघरूण झाला, तर त्याची चव घ्यावी लागते ती ज्यास दुसरे ताट निवडता येत नाही अशाला.

घरच्या फडताळातील डब्यांपुरते बोलावयाचे तर पाकिटावर दोन प्रकारच्या तारखा असतात, आणि त्यांतील भेद ओळखणे अवश्य आहे. अमुक तारखेपर्यंत उत्तम, असे जेथे म्हटलेले असते, तेथे चव व वास यांची हमी दिलेली असते. त्यानंतर बिस्किट नरम पडेल, चहाचा दरवळ जाईल, एवढेच. अमुक तारखेनंतर वापरू नये, असे जेथे म्हटलेले असते, तेथे हमी आरोग्याची असते. ती संपल्यावर चाखून पाहण्यात अर्थ नाही. डबा फुगलेला असेल, शिवणीतून पाझरत असेल, किंवा उघडताना आतून फवारा उडाला, तर त्यातला थेंबही जिभेस लावू नये, कुत्र्यामांजरास घालू नये. तो पिशवीत घट्ट बांधून केराच्या पेटीत टाकावा आणि हात साबणाने धुवावेत.